पूरग्रस्तच पूरग्रस्तांच्या भूमिकेत: हसू-रडूचा लघुपट कसा करावा?

गोदाकाठ_कट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल आणि घाटालगतच्या काही कुटुंबांना घेऊन साधारण २५ मिनिटांचा लघुपट करायचं घाटतंय. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ ला ज्यांच्या घरादुकानांत गोदावरी शिरली, तीच माणसं पडद्यावर स्वतः म्हणून येणार. ११ मोठी माणसं, २ मुलं आणि एक शेळी. नट एकही नाही.

माहितीपट करायचा नाही, रडारडही नको. जमा झालेले प्रसंग असे: भिजलेल्या नोटा दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्यात आणि राखणीला आजोबा काठी घेऊन बसलेत. पंचनाम्याला आलेला माणूस विचारतो, "पाणी किती फूट होतं?" आणि गल्लीतला प्रत्येक जण सांगतो, "दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं होतं." घाटावरची ही मूर्ती हेच सगळ्यांचं माप, फूट कुणी सांगतच नाही. मदत म्हणून एका घरी सात चादरी येतात, पातेलं एकही येत नाही. सगळी कागदपत्रं भिजली, कर्जाच्या हप्त्याची वही तेवढी माळ्यावर कोरडी राहिली.

दोन मिररलेस कॅमेरे आहेत, शूटिंग नोव्हेंबरात ८ दिवस. अडचणी चार. संवाद लिहून द्यायचे का? १० बाय १२ च्या खोलीत पाणी भरायचं कसं? घाटावर आवाज धड मिळेल का? आणि संमतीची, परवानग्यांची कागदं काय काय लागतील? पाचवी अडचण कोणती ते तुम्हीच सांगा, कारण ती असणारच.

पटकथा_पाटी

संवाद लिहून दिलेत की संपलं. ज्या माणसाने पाणी पाहिलंय तो तुमचं वाक्य आठवताना पाणी विसरतो.

आधी प्रत्येकाचं बोलणं फक्त आवाजात रेकॉर्ड करा, कॅमेरा घरी ठेवा. तेच सांगणं तीन वेळा ऐका, मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या. पहिल्या खेपेला माणूस बातमी सांगतो: एवढं पाणी आलं, एवढं नुकसान झालं. दुसऱ्या खेपेला वस्तू यायला लागतात. शिलाई मशीन, गव्हाची कोठी, लग्नातला अल्बम. तिसऱ्या खेपेला शेजारी येतात, कोण कुणाच्या जिन्यावर बसलं आणि कुणी कुणाला चहा दिला नाही ते निघतं. तुमचा चित्रपट तिसऱ्या खेपेत आहे. आणि एक नियम कायम पाळा: सांगणारा ज्या जागी स्वतः हसला तेवढीच जागा विनोदाची. तुम्ही हसलात आणि तो हसला नाही, तर तो प्रसंग बाद.

मग प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करा. त्यावर चारच गोष्टी. कोण आहे, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि कुठल्या वाक्यावर थांबायचं. शेवटचं वाक्य तेवढं ठरलेलं, बाकी मोकळं. तमाशातली बतावणी अशीच चालते. विषय ठरलेला, टोक ठरलेलं, मधलं त्या रात्रीचं. तुमच्या मंडळींतल्या वयस्करांना 'इम्प्रोव्हायझेशन' सांगू नका, 'बतावणीसारखं' म्हणा, लगेच कळेल.

कॅमेऱ्यापुढे तिसऱ्या टेकनंतर थांबत जा. नवखा माणूस पहिल्यात बिचकतो, दुसऱ्या-तिसऱ्यात सापडतो, पाचव्यात 'नट' होतो. नट झाल्याची खूण अशी: आवाज चढतो, वाक्य संपलं की तुमच्याकडे बघतो आणि "आमचे अतोनात नुकसान झाले" असलं छापील बोलायला लागतो. त्यावर औषध एकच, हाताला काम द्या. लसूण सोलायला द्या, चिखलाचा तांब्या चिंचेने घासायला द्या. हात गुंतले की तोंड खरं बोलतं. पण प्रत्येक टेकला तेच काम त्याच टप्प्यावर होणार नाही, म्हणून दोन्ही कॅमेरे एकाच वेळी चालवा. एक बोलणाऱ्यावर, दुसरा ऐकणाऱ्यावर. हसू नेहमी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतं.

क्लॅप सुरुवातीला आपटू नका, दचकतात. शेवटी, पाटी उलटी धरून द्या. "ॲक्शन" ओरडण्याऐवजी "हं, मग काय झालं?" एवढं पुरतं. प्रसंग शक्यतो घडल्या क्रमाने घ्या. आधी पाणी चढणं, मग रात्र, मग चिखल, मग पंचनामा. नटाला उलटसुलट जमतं, या माणसांना क्रम मोडला की मनातला पूरही मोडतो.

पंचनामा करणारा कोण होणार? माझं मत, त्यांच्यातलाच एक. ज्याच्या दारात पंचनामा रखडला होता त्याच्याच हातात पॅड आणि पेन द्या. तो जे प्रश्न विचारेल ते कुठल्याही लेखकाला सुचायचे नाहीत.

तिवंधा_चौक

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही. प्रश्नकर्त्याची अटच आहे की माणसं स्वतः म्हणून येणार. दुकानदाराला तलाठी केलंत की ते पथनाट्य झालं. तो बदला घेणार, गल्ली टाळ्या वाजवणार, आणि प्रेक्षकाला तलाठी हा माणूस आहे हे दिसायचंच राहील. पंचनामा करणाऱ्यावरही त्या आठवड्यात शे-दीडशे घरं असतात, पायात गमबूट आणि डोक्यावर शासन निर्णयातल्या अटी. एखादा निवृत्त महसूल कर्मचारी शोधा, ज्याने पुराचे पंचनामे खरंच केलेत. तोही 'स्वतःच' झाला.

आणि मारुतीबद्दल. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला हे नाशिककराचं माप आहे, सरकारचं माप क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते. हा विनोद समजावून सांगू नका. कोरड्या घाटावर उभ्या मारुतीचा एकच शॉट, शेजारी एखादं पोर उभं, म्हणजे उंची कळते. बास. संगणकावर पूर चढवायच्या फंदात पडू नका. खरा पूर हवा असेल तर लोकांच्या मोबाइलमधल्या उभ्या क्लिपा लेखी परवानगीने घ्या आणि प्रसंगातल्या माणसाच्या हातातल्या फोनवरच दाखवा. वाहिन्यांचं फुटेज उचलू नका, हक्काचा प्रश्न येतो.

सेटवाला_सातपूर

पाण्याचं मी सांगतो.

१० बाय १२ च्या खोलीत ६ इंच पाणी म्हणजे ६० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे साधारण १,७०० लिटर. ५,००० लिटरचा एक टँकर भरण्याला, पुन्हा भरण्याला आणि पावसाला पुरतो. पण आधी वजन बघा. ६ इंच पाणी दर चौरस फुटाला १४ किलो भार टाकतं, म्हणजे दर चौरस मीटरला दीडशे किलो. राहत्या घराच्या जमिनीचा भार आपल्याकडे २०० किलो प्रति चौरस मीटर धरतात, आणि तोही धड स्लॅबसाठी. त्यात माणसं, कपाट, कॅमेरा आले. सराफ बाजारातल्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, लाकडी तुळयांवर, हे करायचं नाही. तळमजला, तोही खाली तळघर नसलेला.

जमिनीवर आधी जुनी बारदानं पसरा, म्हणजे फरशीच्या कडा टोचणार नाहीत. त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, सलग एक तुकडा, जोड नको. निफाड-दिंडोरीकडे शेततळ्यांना कागद घालणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मिळतात. कडा चारी बाजूंनी ९ इंच वर घ्या, मागून फळ्या आणि वाळूच्या गोण्या लावा. दाराच्या उंबऱ्यापाशी गळतं ते हमखास, तिथे गोण्यांच्या दोन रांगा. पलंगाच्या, टेबलाच्या पायाखाली टायरट्यूबचे तुकडे ठेवा. कागद फाटतो तो नेहमी पायाखालीच, आणि फाटल्याचं कळतं ते शेजारच्या खोलीत पाणी गेल्यावर.

स्वच्छ पाण्यात तळाचा काळा कागद चमकतो, म्हणून गढूळ करा. हजार लिटरला दोन किलो मुलतानी आणि किलोभर चाळलेली काळी माती. वीसेक मिनिटांत गाळ बसतो, प्रत्येक टेकआधी खराट्याने ढवळा. गेरू नको, कपड्यांवर डाग राहतो आणि अंग लाल होतं. नदीचं किंवा नाल्याचं पाणी अजिबात नको. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, पायाला साधी चीर असली तरी पुरे. नोव्हेंबरातल्या सकाळी नाशिकला पाणी गार असतं, दोन पिंपं तापवून मिसळा आणि एका माणसाला सलग २० मिनिटांवर उभं करू नका.

गुडघाभर पाणी दाखवायला गुडघाभर पाणी लागत नाही. चौकट मांडीवर तोडा. पण पायाखाली ८-१० इंच खरं पाणी असू द्या, नाहीतर चाल खोटी दिसते. पाण्यातला माणूस पाय उचलत नाही, ढकलतो. पाणी वाढवाल तर वजनाचा हिशेब पुन्हा करा, कडाही तेवढ्या चढवा.

वीज: पाणी भरलेल्या खोलीचा मेन बंद. सगळे दिवे बॅटरीचे. बाहेरून वायर आणावीच लागली तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवलेल्या बोर्डावरूनच, आणि जोड जमिनीपासून चार फूट वर बांधलेला. एक माणूस फक्त त्या स्विचपाशी. तो दुसरं काही करणार नाही, चहाही आणणार नाही.

आता माझी आवडती गोष्ट, भिंतीवरची पुराची रेघ. बहुतेक जण ती ब्रशने लाटेसारखी वेडीवाकडी काढतात. पाणी वाकडं उभं राहत नाही! रेघ सपाट असते. गवंड्याची पारदर्शक पाणीनळी घ्या आणि सगळ्या खोल्यांत एकाच पातळीवर खुणा करा. गल्ली उताराची असेल तर खालच्या दुकानात रेघ छातीला आणि वरच्या दुकानात गुडघ्याला यायला हवी. दहीपुलाकडचा माणूस ही चूक पहिल्या सेकंदाला पकडेल. आणि रेघ एक नसते. पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं, म्हणून वरची ठळक आणि खाली दोन-तीन फिकट. मिश्रण: एक वाटी मुलतानी, पाव वाटी फेविकॉल, चार वाट्या कडक काळा चहा. स्पंजने खालून वर टिपत जा, वरची कड मात्र चिकटपट्टी लावून सरळ. वाळल्यावर पट्टी काढा आणि कड ओल्या फडक्याने किंचित मोडा. घरमालकाला आधी सांगा की रंग द्यावा लागेल, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरा.

पावसाला शेतीतला रेनपाइप घ्या, एक एचपीचा पंप पुरतो. पाऊस समोरच्या उजेडात दिसत नाही, दिवा पाण्यामागे ठेवा. चौकटीबाहेर जमिनीवर बारदानं अंथरा, नाहीतर थेंबांच्या आवाजात संवाद बुडतील. नोव्हेंबरचं ऊन ऑगस्टसारखं दिसायला सकाळी आठच्या आत किंवा गल्लीच्या सावलीत शूट करा. त्यासाठी अरुंद गल्ल्या सोयीच्याच.

बूमधारी

घाटावरचा आवाज मिळतो, पण वार बघून. बुधवारी तिकडे फिरकूच नका, आठवडे बाजार असतो. रामकुंडावर पहाटेपासून विधी, संध्याकाळी गोदाआरती, मध्ये भोंगे. सिंहस्थाच्या कामांमुळे कुठे ब्रेकर चालू असेल ते आदल्या दिवशी जाऊन ऐका. नुसतं बघून येऊ नका, दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहा. दुपारी एक ते तीन त्यातल्या त्यात बरं.

लेपल माइक साडीच्या पदरावर लावला की खसखस येते. ब्लाउजच्या गळ्याशी, आतून, औषधी चिकटपट्टीने, आणि वायरचा एक छोटा वळसा मोकळा ठेवून. लावायला बाईच हवी, ही सोय आधी करा. काचेच्या बांगड्या काढायला सांगू नका, कुणी काढणार नाही आणि सांगणंही बरं दिसत नाही. बोलताना हात मांडीवर राहतील असं काम द्या. वर म्हटलेलं लसूण सोलणं चांगलं, भांडी घासणं आवाजाला वाईट. लेपलवर सगळं सोडू नका, बूम, म्हणजे दांड्यावरचा माइक, डोक्यावर दीड-दोन फुटांत हवाच. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. अंदाज नसलेली माणसं एकदम मोठ्याने हसतात, म्हणून पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा.

प्रत्येक जागेचा रिकामा आवाज मिनिटभर घ्या. पाणी भरलेल्या खोलीचा वेगळा, रिकाम्या खोलीचा वेगळा. ओल्या खोलीत घुमतं, संकलनात जोड लगेच कळतो.

कॅमेऱ्यावाल्यांसाठी: २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, ३० फ्रेम आणि १/६० ठेवलंत तर जुन्या ट्यूबलाइटखाली पट्टे फिरतील.

कागद_आधी

संमती एकदा घेऊन भागत नाही. तीनदा घ्या: शूटिंगआधी, त्या दिवसाचं शूटिंग संपल्यावर, आणि कच्चा कट, म्हणजे चित्रपटाची पहिली जोडणी, दाखवल्यावर. तिसऱ्या वेळी "हे काढा" म्हटलं तर काढायचं, कारण विचारायचं नाही. हे मराठीत, एका पानावर, मोठ्या अक्षरात लिहा आणि वाचून दाखवा. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कुठे दाखवणार, इंटरनेटवर टाकणार का, पैसे मिळाले तर त्यांना किती, आणि नाव खरं ठेवायचं की बदलायचं. संमतीचा कागद आणि मानधन एकाच हाताने एकाच वेळी देऊ नका. पैशांपुढे 'नाही' म्हणणं अवघड असतं.

मानधन सगळ्यांना सारखं, रोजच्या रोज. ज्याचं नुकसान जास्त त्याला जास्त, असं केलंत तर तुमचा सेट म्हणजे दुसरा पंचनामा होईल. दुकानदाराचा धंद्याचा दिवस मागू नका. मालेगावात यंत्रमागवाले शुक्रवारच्या सुट्टीवर चित्रपट करत आले, तसा यांचा मोकळा वेळ विचारून वेळापत्रक बांधा.

मुलांसाठी, १४ वर्षांखालील असतील तर, जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, आणि कमाईतला निदान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. लघुपट आहे म्हणून सूट नाही. शाळा बुडवायची नाही, म्हणजे तुमचे दोन रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीचे उरलेले दिवस.

शेळी घरचीच असली तरी पुढे सेन्सॉर प्रमाणपत्र हवं असेल तर प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत लागतं, आणि तो अर्ज शूटिंगआधी करायचा असतो. शेळीला पाण्यात उभी करू नका. जिन्यावर बांधा आणि खाली पाण्याचा आवाज द्या.

घाटावर महापालिका आणि पोलीस, दोन्हीकडे अर्ज. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडा. देवळालीचं लष्करी क्षेत्र, नाशिकरोडचे नोटांचे छापखाने, ओझरचा विमानतळ, असं सगळं आपल्याभोवती आहे. खरं सांगायचं तर या विषयाला ड्रोन लागतच नाही. पूर वरून बघणारे वेगळे असतात.

गोदाकाठ_कट्टा

सगळ्यांचे आभार, वजनाचा हिशेब डोक्यातच नव्हता. आमची जागा पहिल्या मजल्यावर होती, ती बदलतोय. निवृत्त तलाठ्याची कल्पनाही पटली.

पाचवी अडचण आता दिसली. मंडळींतल्या एक काकू गप्पांत सगळ्यात जास्त हसवतात, पण पाणी भरलेल्या खोलीत पाय ठेवायचा नाही म्हणतात. आणि दुसरं, कच्चा कट गल्लीला एकत्र दाखवावा की एकेकाला?

संकलन_मेज

काकूंना पाण्यात घालू नका आणि मन वळवायलाही जाऊ नका. त्यांना जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसवा, खाली पाणी, त्या वरून सूचना देतायत. "अहो, तो डबा धरा! तो नाही, झाकणाचा!" बाकीचे धावतायत. प्रसंग यानेच सुधारेल. कुणाच्या घरात माणूस गेलं असेल तर तो क्षण पुन्हा करायला लावू नका. ते सांगायचं असेल तर बसून सांगतील, नसेल तर रिकामी खुर्ची पुरते.

आणि ज्यांना पाणी चालतं त्यांनाही अचानक दाखवू नका. आधी मोबाइलवर पाण्याचा आवाज ऐकवा, मग रिकामी खोली, मग दोन इंच, मग सहा. थांबायचं असेल तर हात वर, बोलायची गरज नाही. रात्रीचे प्रसंग दिवसा, खिडक्यांना काळं कापड लावून घ्या. चिखलाच्या वासाने काही जणांचं बिनसतं, आणि ते शूटिंगच्या वेळी नाही, घरी गेल्यावर. म्हणून पॅकअपनंतर वीस मिनिटं सगळ्यांनी बसून चहा, कॅमेरे बंद. एखादा समुपदेशक सेटवर असेल तर उत्तम. नसेल तर निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक पाटीवर लिहून ठेवा, मराठीतही बोलतात.

कट आधी एकेकाला दाखवा, त्याच्या घरी, त्याचे प्रसंग. मग सगळ्यांना एकत्र. उलटं केलंत तर चारचौघांत कुणी "हे काढा" म्हणणार नाही. एकत्र बघताना पडद्याकडे पाठ करून बसा आणि कुठे हसतात ते वेळेसकट टिपा. सगळे हसले आणि ज्याचा प्रसंग आहे तो हसला नाही, ती जागा कापा.

विनोदाखाली संगीत घालू नका. हसू फुटायच्या अर्धा सेकंद आधी तोडा किंवा फुटल्यावर चांगले पाच सेकंद तोडूच नका. मधलं काहीही कामाचं नाही. इराणात १९९० ला भूकंप झाला, त्यावर अब्बास किआरोस्तामींनी १९९२ मध्ये तिथल्याच माणसांना घेऊन चित्रपट केला. त्यात ढिगाऱ्याशेजारी तंबूत राहणारा एक जण टीव्हीचा अँटेना बसवतोय, कारण फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे. कुणी विनोद करत नाही, तो माणूस फक्त अँटेना नीट बसवतो. तुमच्या नोटा वाळवणाऱ्या आजोबांना एवढंच सांगा, नोटा नीट वाळवा.

साठवण: १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी. ८ दिवस, दोन कॅमेरे, रोज दोन-दोन तास म्हणजे ३२ तास, दीड टीबीला थोडं कमी. दोन प्रती, दोन वेगळ्या घरी. त्यातलं एक घर नदीपासून लांब असू द्या.

तिवंधा_चौक

नोटांचं राहिलं. खेळण्यातल्या नोटा जवळून ओळखू येतात, आणि नोटेसारखा दिसणारा कागद छापून घेणं हा गुन्हा आहे. १० आणि २० च्या खऱ्याच वापरा, दोनेक हजारांत दोरी भरते. आपल्या नोटांचा कागद कापसाचा, भिजून फाटत नाही. बादलीत पाच मिनिटं बुडवा, चुरगळू नका. चिमटा कोपऱ्याला लावा, मध्ये लावलात तर घडी पडते. वाऱ्याने फिरल्या पाहिजेत, म्हणून दोन नोटांत चार बोटं जागा. इस्त्री करताना वर-खाली सुती फडकं, आच कमी, वाफ नको. जवळून घ्याल तेव्हा आजोबांचा अंगठा नोटेवरून फिरताना घ्या, तो ओलावा तपासतो. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या गावात ही दोरी लागते, यावर एक शब्दही बोलायची गरज नाही. टेक संपल्यावर मोजून घ्या, आजोबांकडूनच.

गोदाकाठ_कट्टा

काठी त्यांच्याच हातात आहे, मोजतीलच. तळमजल्याची जागा या आठवड्यात बघतोय. पाणीनळी कुणाकडे असेल तर सांगा, ५० फूट तरी लागेल.

सेटवाला_सातपूर

कुठल्याही गवंड्याकडे मिळेल. आत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. वापरण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघा.